कोनशिलेवरचा पिंड

(१९८६ सालचा चैत्र. गोदाकाठच्या गावातला उकरून ठेवलेला घाट. पालथ्या पडलेल्या एका सपाट दगडावर भाताचा पिंड. त्याच्याजवळ म्हातारा न्हावी लिंबाजी आणि नुकतंच मुंडण केलेला चंद्रभान. समोर कचेरीतले कारकून बन्सीधर, घामाघूम.)

लिंबाजी : हात लावू नका म्हनलं ना! न्हाई म्हंजी न्हाई.

बन्सीधर : अहो, दगड कचेरीचा आहे! कोनशिला आहे ती. बारा वाजता पाहुणे येतायत गाळ्यांच्या भूमिपूजनाला. आणि ती पालथी कुणी घातली?

लिंबाजी : मीच. वर ‘श्री’ कोरलेला, त्याच्यावर मानसं कशी बसवू? चार सालाखाली तुमी साऱ्या पायऱ्या उकरल्या. गिऱ्हाइकाला बसवायला दुसरी सपाट जागा ठिवली का?

बन्सीधर : गिऱ्हाईक? म्हणजे सुतकातल्या माणसांची डोकी केलीत ह्याच्यावर?

लिंबाजी : घाटावर मग कुनाची करू? नवरदेवाची?

बन्सीधर : अरे देवा! कुणाजवळ बोलू नका. ह्याच्यावर आज नारळ फुटायचाय.

चंद्रभान : तिसरा.

बन्सीधर : काय?

चंद्रभान : ह्याच जागी तिसरा नारळ, सायेब. दोन फुटले ते मी बघितलेत.

लिंबाजी : फोडा की. पन कावळा शिवल्याबिगर दगड हालायचा न्हाई. नागनाथाचा आज दहावा हाय.

बन्सीधर : कोण नागनाथ?

चंद्रभान : हारफुलंवाला. घाटावरचं दुकान पाडलं, बदल्यात कबूल केलेला गाळा नंबर सात. दर सोमवारी तुमच्या टेबलापुढं उभे राहायचे, तुमी म्हणायचे, ‘दिवाळीला ताबा.’ माझे वडील.

बन्सीधर : अच्छा... ते. वाईट झालं.

चंद्रभान : दोन घंटे झाले. आईला सांभाळतो म्हणलो. बहिणीचं लगीन थाटात करतो म्हणलो. म्हैस इकत न्हाई म्हणलो. तो बघा, बाभळीवर बसून बघायलाय नुसता. खाली येईना.

बन्सीधर : मग दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळे व्हा.

चंद्रभान : आईनं बजावलंय. दर्भाचा चालायचा न्हाई.

लिंबाजी : बन्सीधरराव, त्याचा जीव कशात गुतलाय ते साऱ्या गावाला ठाव हाय. तुमीच म्हना, ‘नागनाथा, तुझ्या पोराला सात नंबरचा गाळा देतो.’ कावळा लगेच शिवतो. तुमचा दगड तुमाला.

बन्सीधर : मी? मी कसं म्हणू?

लिंबाजी : दर सोमवारी म्हनायचे तसं.

बन्सीधर : ते कचेरीतलं बोलणं हो! तिथं बोलावं लागतं. पिंडापुढं खोटं बोलू होय? मलाही लेकरंबाळं आहेत.

चंद्रभान : म्हणजे खोटं हाय तर.

बन्सीधर : ...अरे बाबा, नकाशाच मंजूर नाही अजून. नारळाचा हुकूम येतो, सिमेंट येत नाही. मला कोण विचारतंय?

चंद्रभान : चार साल आबा उन्हात टोपली घेऊन बसले! एकदा तरी सांगायचं होतं. आमी दुसरीकडं कुठंतरी बसलो असतो.

बन्सीधर : सांगितलं असतं तर माझी नोकरी राहिली असती का?

चंद्रभान : काका, तुमी तरी बोला आबाला. तुमचं ऐकायचे ते.

लिंबाजी : मी न्हाई. म्या जबान देनं सोडलं.

चंद्रभान : काका...

लिंबाजी : दुकानं पाडायच्या कागदावर अकरा जनांचे आंगठे म्या घेतले, चंद्रभान. तुझा बाप न्हाईच म्हनत व्हता. त्याला दाखवायला म्या माझं दुकान माझ्या हातानं पाडलं. ‘माझी जबान हाय,’ म्हनलो, तवा त्यानं आंगठा दिला.

चंद्रभान : आबा तुमच्यावर कधी चिडले न्हाईत.

लिंबाजी : तेच तर! एक शिवी तरी द्यायची. बाकीच्या धा जनांनी माझ्या हातची दाढी सोडली. ह्यो एकटाच यायचा. ह्याच दगडावर बसायचा.

बन्सीधर : लिंबाजी, साडेअकरा झाले. मांडवात लोक जमलेत. काहीतरी करा, तुमच्या पाया पडतो.

लिंबाजी : सरका. ...नागनाथा, ऐक. माझा एक नंबरचा गाळा. हितं भिताडं उभी राहतील त्या दिशी तो तुझ्या पोराचा. माझा न्हाई. ही माझी जबान. आता शीव बाबा.

चंद्रभान : काका... उडाला. आला! शिवला, काका, शिवला!

बन्सीधर : सुटलो बुवा! पिंड उचला, मी माणसं बोलावतो. अहो लिंबाजी, आता कशाला रडता? शिवला की कावळा.

लिंबाजी : त्याचंच रडू यायलंय, बन्सीधरराव. मेल्यावर बी ह्या येड्यानं माझ्यावरच इश्वास ठिवला.