माफीचा अल्बम

रॉक बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमाची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गायकाची बायको तिकीट मुठीत धरून उभी होती. पुढे कॉलेजातल्या दोघी मैत्रिणींची तोंडं सुरू होती.

“निरोप कसला डोंबलाचा! दोन वर्षांपूर्वीही घेतलाच होता की.”

“शेवटचा अल्बम ऐकलास?”

“अर्धा. प्रत्येक गाण्यात आपला बायकोची माफी मागतोय.”

“मग घरी मागावी ना! त्याला माईक कशाला लागतो?”

“घरी टाळ्या कोण वाजवणार?”

बायकोला खुदकन हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. दोघी वळल्या.

“काकू, तुम्हीपण त्याच्या फॅन का?”

“छे गं, मी त्याची बायको. घरी काही मागितली नाही त्यानं. म्हटलं, तिकीट काढून तरी ऐकावी.”