टाकीतलं बदक

आजचे अध्यक्ष, आमचे विभागप्रमुख मधुसूदन सर, मंचावरचे मोठे डॉक्टर लोक, आज रिटायर होऊन राहिलेल्या आमच्या प्रेमिला मॅडम, आन् भाषणं कधी संपतात, समोसे कधी भेटतात म्हणून मागं वाट पाहून राहिलेले माझे मित्रहो!

मी ऋषी. मोल्ड रूममधला. पेशंटच्या कॅन्सरच्या गाठीच्या आकाराची धातूची खिडकी ओततो, त्यातून मशीनचे किरण जातात. दहावी दोन डावात काढली, तरी मॅडमनं मले त्या किरणातला इलेक्ट्रॉन शिकवला. म्हणे, "ऋषी, हा शहाणा पाहुणा आहे गा. ओसरीवर बसते, घरात घुसत नाही." म्हणजे कातडीखालची गाठ जाळते, गाठीमागच्या डोळ्याले धक्का नाही. पण तो कुठवर जाते हे कॉम्प्युटरले कोण सांगन? मॅडमच! मशीनखाली पेशंटच्या अंगाच्या जागी पाण्याची टाकी ठेवाची, किरण पाण्यात कुठवर जाते ते मोजाचं, आन् ते आकडे कॉम्प्युटरले शिकवाचे.

मागच्या वर्षी रामटेकहून भीमाबाई आल्या. गाठ डाव्या डोळ्याखाली. खिडकी चिंचोक्याएवढी. मॅडम मोजाले बसल्या आन् मले कुबुद्धी सुचली. भाचीसाठी सक्करदऱ्याच्या बाजारातून घेतलेलं पिवळं रबरी बदक म्या टाकीत सोडलं. वाटलं, बाहेर बसून टाकी पाहाच्या कॅमेऱ्यात दिसन, मॅडम हसतीन. बदकच ते! पोहत पोहत नेमकं खिडकीखाली गेलं, कॅमेऱ्यात दिसलंच नाही. किरण अडले, आकडा धाडकन पडला. मशीन बिघडली समजून मॅडमनं दिवसभराचे सगळे पेशंट थांबवले.

बाहेर भीमाबाई मलेच विचारे, "काहून गा बाबू, माह्या डोळ्यात काही खोट निघाली का?"

काय सांगू? गेलो, मॅडमले सगळं सांगितलं. कंत्राट संपाले दोन महिने होते. वाटलं, गेली नोकरी. मॅडमनं टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "बदक काढ. पुन्हा मोजू."

काढलं. आकडा वर आला, पण कॉम्प्युटरच्या हिशोबापेक्षा तरी कमीच! मोठ्या खिडक्या शिकलेल्या कॉम्प्युटरले चिंचोका समजतच नव्हता. तसंच ट्रीटमेंट दिलं असतं तर गाठीले डोस कमी पडला असता. आता माह्यामुळं सापडलं असं म्हणू नका हं. बदक नसतं तरी मॅडमनं पकडलंच असतं. तीन दिवस बसून त्यांनी कॉम्प्युटरले नव्यानं शिकवलं.

आन् मशीन बंद राहिल्याचा मेमो आला, तो मॅडमच्या नावानं. त्यांनी लिहून दिलं, "टाकी मी पाहिली नाही." मी रडकुंडीले आलो, तं म्हणे, "टाकी माझी, पाहणं माझं. तू खिडकी नीट ओत."

भीमाबाई, तिसऱ्या रांगेत बसल्या ना? डावा डोळा मिचकावा बरं! ...पाहा, मिचकावला!

मॅडम, त्या दिवसापासून तुमच्या टेबलावर बसलेलं ते बदक घरी नेऊ नका. इथं टाकी पाहाचा कोणाले कंटाळा आला, तर ते त्याच्याकडं पाहीन.

एवढं ऐकलं, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असन तर पोटात घाला. बदकाचं मात्र पोटात घालू नका, मधुसूदन सर. मॅडमची फाईल आज बंद होऊन राहिली. त्याआधी तो मेमो काढा, आन् माह्या नावानं करा.