झोळी उतरव

(खोडाळ्याचा नाका. सकाळची वेळ. वीटभट्टीला निघालेली जीप माणसांनी भरलेली, इंजिन चालू. रस्त्याकडेला रुपी तान्ह्या पोरीला घेऊन बसलेली.)

पुष्पा : परत बोल. आत्ता फोनवर काय बोललास, ते माझ्यासमोर परत बोल.

कमलेश : काय बोललो? शेठला लोड सांगितला गाडीचा. आये, हो बाजूला. डिझेल जळतंय.

पुष्पा : जळू दे. काय लोड सांगितलास?

कमलेश : बारा बोचकी भरली, एक झोळी होती ती उतरवली. झालं?

पुष्पा : ती झोळी कोण?

कमलेश : तुला दिसतंय ना.

पुष्पा : मला दिसतंय. तुला दिसत नाय म्हणून विचारते.

रुपी : जाऊ द्या काकी. नुसती मला उतरवली असती तर बोलले नसते. माझं गठुडं टपावरनं खाली फेकलंन. नागलीच्या पिठाची पिशवी फुटली. बघा, अर्धं पीठ डांबरावर.

कमलेश : मी नाय फेकलं. क्लिनरनं फेकलं.

पुष्पा : "झोळी उतरव" कोण बोललं? क्लिनर?

कमलेश : मंग काय करू? शेठनं साफ सांगितलंय, या टायमाला झोळी नको. बाई घडीघडी उठते पाजायला, तिकडं विटांचा गारा सुकतो. जोडीदाराचा पण खोळंबा.

पुष्पा : जोडीदार म्हणजे गोरख. तुझ्या बाजूला बसायचा शाळेत. त्याचं नाव घ्यायला पण डिझेल लागतं का?

रुपी : दादा, नवरा माझा पुढं गेलाय माझ्या भरवशावर. जोडी नसली तर तिकडं साचा हातात देत नाय, कोळसा वाहायला लावतात. गेल्या साली कोळशानंच त्याची छाती धरली, खोकून खोकून रक्त पडलं. तूच आणलास ना त्याला परत, याच गाडीतनं? मी नाय पोचले तर या वेळी काय आणशील?

कमलेश : माझ्यावर कशाला ओरडते? शेठवर ओरड ना.

रुपी : शेठनं कुठं बघितलंय मला? तू बघितलंस.

कमलेश : अरे, ही लाईनची भाषा हाय! सगळे डायवर असेच बोलतात. फोनवर माणसं माणसं केलं की कोणतरी ऐकतो, पुढं पोलीस गाडी अडवतात. म्हणून मोठं माणूस असंल तर बोचकं. अंगावर पोर असलेली बाई, झोळी. आणि म्हातारं असंल तर...

पुष्पा : थांबलास का?

कमलेश : पोतं.

पुष्पा : हां. ते मला माहीत हाय. गेल्या साली मी गाडीत बसायला आले, तू बोललास, आये, जागा नाय. आणि शेठला फोनवर काय बोललास? "एक पोतं होतं, घरीच ठेवलं." गाडीत बसलेल्या माघ्यानं ऐकलं. पाड्यावर सगळ्यांना हसत हसत सांगितलं. मी पण हसले त्याच्याबरोबर. काय करणार?

कमलेश : आये, ते... तसं नव्हतं.

पुष्पा : तू अंगावर पीत होतास तेव्हा मी भट्टीवरच होते. बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला. हातानं विटा थापायच्या, पायानं तुला झुलवायचं. तू रडलास की मुकादम आयमाय काढायचा माझी. पण गाडीतनं उतरवली नाय त्यानं. तो परका होता, रे. तू तर पाड्यातला.

कमलेश : तुझं जुनं नको काढू! मी इथवर कसा आलो ते मला माहीत. उद्या शेठनं दुसरा डायवर धरला तर? मी पण बसू चिखल तुडवत? तेच पाहिजे का तुला?

पुष्पा : मला काय पाहिजे ते आता बघ. रुपे, पोर दे इकडं. गठुडं घाल गाडीत.

रुपी : काकी?

पुष्पा : मी येते. पोर मी सांभाळते. पाजायला तेवढी तुझ्याकडं आणीन, बाकी तुझे हात मोकळे. गारा सुकायचा नाय आणि गोरखची जोडी पण पुरी.

कमलेश : तू कुठं येते? जागा नाय!

पुष्पा : तुझ्या शेजारची सीट कुणाची?

कमलेश : ती शेठच्या माणसाची. तो जव्हारला चढतो.

पुष्पा : मंग तो टपावर बसंल. चढ गं रुपे.

कमलेश : आये, तुझे गुडघे धड नायत. तिकडं कुडाच्या खोपीत राहायचं, थंडीचं. लोक मला काय बोलतील? आईला भट्टीवर धाडली बोलतील! तोंड कुठं लपवू?

पुष्पा : फोनमध्ये लपव. रोज लपवतोस की. कोंबड्या तेवढ्या बघ संध्याकाळी, लाल कोंबडी खुराड्यात शिरत नाय लवकर.

रुपी : दादा, फोन वाजतोय तुझा.

कमलेश : हॅलो. हां शेठ... निघालोच. हां, बारा बोचकी. आणि ती झोळी... नाय, ऐका ना, घ्यावी लागली. आणि एक...

पुष्पा : बोल ना. आणि एक पोतं.

कमलेश : आणि माझी आय हाय, शेठ... हां. माझीच.

पुष्पा : ठेवू नको फोन. बाकीच्यांना पण नावं हायत. मागं वळून बघ, आणि पहिल्यापासून सांग.