मांजरानं पळवलेला घोडा

नाही, मी म्हणतो, मांजराला बुद्धिबळातलं कळतं काय? तुम्हाला सांगतो, नाशिकच्या एक बाई, त्यांच्या पटातला काळा घोडा हरवलेला, मी पाठवला, अस्सल लाकडी, मान अशी ऐटीत, दोन्ही कान शाबूत… आणि बाईंनी ॲपवर लिहिलं काय? ‘घोडा सुरेख आहे, परंतु आमचं मांजर त्याला पटावर ठेवू देत नाही. सारखं तोंडात धरून माळ्यावर पळतं. दोन स्टार.’ आता मांजर तुमचं, पट तुमचा, माळा तुमचा, आणि स्टार कापायचे माझे! यात माझं काय चुकलं, सांगा ना!

थांबा, तुम्हाला धंदाच कळला नसेल. कोणाला कळत नाही. तर मी धर्मेश, राहणार दांडी, म्हणजे तारापूरच्या किनाऱ्याला. वडिलांची बोट आहे, आजोबांची होती, मागच्या सात पिढ्या दर्यात गेल्या. आणि मी? मला बोट लागते! हसा, हसा. काठाला बांधलेल्या बोटीत बसलो तरी मळमळतं. लहानपणी नारळी पौर्णिमेला वडिलांनी हौसेनं मला बोटीवर चढवलं, सगळे दर्याला नारळ देत होते, आणि मी दर्याला काय दिलं ते विचारू नका! तेव्हापासून गावात कोणी उलटी केली की म्हणतात, ‘काय रे, धर्मेश झाला का?’

मग करायचं काय? तर बोईसरला, सालवडच्या बाजूला, बन्सी भंगारवाला. कंपन्यांतल्या लोकांच्या बदल्या होतात, घरं रिकामी होतात, आणि पोरांचे खेळ जातात भंगारात. कॅरम, बुद्धिबळ, सापशिडी, व्यापार… सगळे अर्धे. बन्सी म्हणायचा, ‘ले जाओ भैया, बोरा भर के ले जाओ, इसमें ना लोहा है ना पीतल!’ आणि इथं माझं डोकं चाललं. अहो, अख्खा खेळ हवाय कोणाला? प्रत्येक घरात एक पट असतो आणि त्यात एक सोंगटी नसते! वजिराच्या जागी बामची बाटली, घोड्याच्या जागी खोडरबर, कॅरमच्या राणीच्या जागी शर्टाचं बटण. अशी माणसं वर्षानुवर्षं खेळतात हो, बटण घेतलं की ओरडतात, ‘राणी, राणी!’ त्यांना तो एक तुकडा द्यायचा. भंगारातून निवडायचा, धुवायचा, फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा. आणि खपायला लागले! आमची आई तर अख्ख्या आळीला सांगत सुटली, ‘माजा धर्मेश मोबाईलवर घोडे इकतो, उंट इकतो, हॉटेलं पन इकतो!’ हॉटेलं ऐकून केळव्याहून एक स्थळ आलं. मग त्यांनी हॉटेलं बघितली. व्यापाराच्या खेळातली, सगळी एका मुठीत मावली, आणि स्थळ चहा न घेता गेलं.

पण वडील! त्यांचं नाव कमलाकांत, आवाज असा की वाऱ्याविरुद्ध जातो. दिवाळीला म्हणाले, ‘बग, होळीपर्यंत खेळ तुजे घोडे. होळीच्या आत धंदा नाय उभा राह्यला, तर गुमान बोटीवर यायचं. खलाशी मिळत नाय आमाला न् तू बसलाय सोंगट्या पुसत!’ म्हणजे बघा, लोकांना स्टार म्हणजे नुसते स्टार. मला स्टार गेला की सरळ बोट दिसायची, आणि बोट दिसली की पोटात ढवळायचं.

आणि त्यात ही मांजरवाली बाई. बरं, एकटी ती असती तर सोडून दिलं असतं. पाठोपाठ सुरतेहून कोणी लिहिलं, ‘सोंगट्या चांगल्या आहेत, पण घरात घेता येत नाहीत. गॅलरीत खेळतो. एक स्टार.’ गॅलरीत का? मग एकानं स्पष्टच लिहिलं: वास येतो! आणि ॲपवाल्यांचा निरोप आला, अजून एक तक्रार आली तर तुमचं दुकान बंद. वास? मी साबणानं धुतो, ब्रशनं घासतो, दोन पाण्यांतून काढतो… यात माझं काय चुकलं, सांगा ना!

मी घोडा घेतला आणि आईच्या नाकाला लावला. ‘आये, वास येतो काय?’ आईनं असा लांब श्वास घेतला, म्हणाली, ‘कसला वास? नाय बा. साबनाचा येतो थोडा.’ वडिलांना दिला. त्यांनी घोडा हुंगला, उलटा करून हुंगला, ‘लाकडाचा वास हाय. लाकडाला लाकडाचाच येनार, गुलाबाचा येल काय?’ शेजारची सुलूकाकी, तिची सून, बंदरावरची पत्ते कुटणारी मंडळी… तुम्हाला सांगतो, अख्ख्या दांडीनं तो घोडा हुंगला! एकजात सगळे म्हणाले, ‘नाय येत.’ मला वाटलं गिऱ्हाईकांनीच संगनमत केलंय.

मग गेलो बोईसरला, कुरियरच्या काउंटरवर. तिथं प्रदीपजी मिश्रा, माणूस शाकाहारी, कांदासुद्धा खात नाहीत. म्हटलं, ‘प्रदीपजी, ज़रा सूंघ के बताओ.’ त्यांनी खुर्ची मागे सरकवली हो! नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, ‘धर्मेश भाई, इसमें सूंघना क्या है? हम तो पहले दिन से समझते थे कि आप मछली ही भेजते हो! आपका पार्सल हम अलग बोरे में, पंखे के नीचे रखते हैं!’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी धुतो ते ठीक, पण वाळवतो कुठं? आमच्या अंगणात. अंगणात काय आहे? बांबूंवर दोऱ्या, दोऱ्यांवर आईचे बोंबील, जोडीजोडीनं टांगलेले, आणि त्यांच्या बरोब्बर खाली सावलीला माझं सूप, सुपात घोडे, उंट, वजीर… आणि वरून बोंबलांचं पाणी टिप, टिप, टिप! अहो, अभिषेक चालला होता! आता अंगणात नाही वाळवायचं तर कुठं? माझा शाळेचा गणवेश तिथंच वाळायचा, मास्तर कधी काही बोलले नाहीत. मास्तरांचे कपडे तरी दुसरीकडे कुठं वाळत होते?

मग काय, शिकेकाई, लिंबू, मोगऱ्याच्या उदबत्तीची धुरी… घोड्याला बोंबील आणि मोगरा असा मिश्र वास यायला लागला, तो तर मलासुद्धा आला! होळी जवळ आली. वडील जाता येता माझ्याकडे बघून बोटीवर मला किती जागा लागेल ते हातानं मापायचे. रात्रीची झोप उडाली हो. आणि भोपाळहून निरोप आला. वाटलं, झालं, हीच शेवटची तक्रार. उघडला. ‘दादा, मी हिना, माहेर सातपाटी, तुमच्याच किनाऱ्याला. मुलासाठी सोंगट्या मागवल्या होत्या. पुडकं उघडलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आमच्या अंगणाचा वास आला हो. सासरी हा वास कोणाला सांगू? सोंगट्या राहू द्या… बोंबील आहेत का?’ पाच स्टार.

मी आईला वाचून दाखवलं. आईनं पदरानं डोळे पुसले, आणि त्याच हातानं बोंबलांच्या दोऱ्या खाली ओढल्या. ‘पोरीला पाठव. पैशाचं बोलू नको तिला.’ पाठवले, वर उंट फुकट. आणि त्या हिनाताईंनी सांगितलं आपल्या मैत्रिणींना, किनाऱ्यावरच्या लेकी कुठं कुठं दिलेल्या हो! इंदूर, रायपूर, बडोदा, एक तर पार जयपूरला! सगळ्यांना बोंबील हवे. घोडा कोणी विचारीना! स्टारांचा पाऊस, दुकान वाचलं, प्रदीपजींनी माझ्यासाठी दुसरा पंखा बसवला. मी शड्डू ठोकून वडिलांसमोर उभा, ‘बाबा, होळीच्या आत धंदा उभा केला! आता बोलायचं काम नाही!’

वडिलांनी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हणाले, ‘शाब्बास रे माज्या वाघा! मानला तुला!’ मग आईच्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघितलं, मोबाईलवरच्या ऑर्डरींकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘पन एवढा माल आनायचा कोनी? खलाशी तर मिळत नाय. तुज्याच गिऱ्हाइकांचा हाय, तूच चल. उद्या भरतीला निगायचं.’

आता यात माझं काय चुकलं, सांगा ना! धंदा बुडाला असता तरी बोटीवर, धंदा चालला तरी बोटीवर. निघतो आता, बाबा हाका मारतायत. आईनं हौसेनं भाकरी, चटणी, कोलंबीचं सुकं असा भरगच्च डबा आणून हातात दिला. म्हटलं, ‘आये, डबा रिकामाच दे. भरायचं मी बघतो.’