राहीचं देज

(अंबरनाथ, बुवापाडा. १९९१ सालचा मार्चअखेर. फसवून विकल्या गेलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका निवाऱ्याची कचेरी. खजिनदार श्यामकांत वह्या पसरून बसलेले. समोर बारवी धरणाकडच्या वाडीवरून आलेला बारकू, निवाऱ्यातल्या राहीचा होणारा सासरा. लग्न रविवारी.)

बारकू : नाय, नाय, रावसाहेब. एवढ्यात नाय भागायचं. वाढवा जरा.

श्यामकांत : वाढवू काय? मी शून्य म्हणतोय, बारकूभाऊ. शून्य कितीही वाढवलं तरी शून्यच राहतं.

बारकू : शून्यात कोन सून नेतो? मी काय चोर हाय?

श्यामकांत : चोर तुम्ही नाही, चोर मी ठरेन! ही संस्था कशाची? विकल्या गेलेल्या मुलींना सोडवून आणायची. आणि तिच्याच वहीत मी काय लिहू? 'एक मुलगी दिली, अमुक रुपये आले'? ऑडिटर आधी वहीकडे बघेल, मग माझ्याकडे, आणि मग पोलिसांना फोन लावेल.

बारकू : मंग लिवू नका.

श्यामकांत : तेवीस वर्षं कारखान्याच्या हिशेबखात्यात काढलीत मी. न लिहिलेला पैसा मला पचत नाही. मागे एका बाईंनी मुलींना दोन डझन केळी दिली, त्याचीसुद्धा पावती फाडली.

बारकू : केळ्याची पावती?

श्यामकांत : चोवीस नग. त्यातलं एक नासकं होतं. तसा शेराही मारला.

बारकू : तुमच्याशी बोलून उपेग नाय. मोठ्या बाई कुटं हायत?

श्यामकांत : अंजनीताई कल्याणला गेल्यात, दुसऱ्या एका मुलीची कोर्टात तारीख आहे. त्या असत्या तरी हेच म्हणाल्या असत्या. फक्त गोड आवाजात.

बारकू : आयका. आमच्यात देज असतंय. पोराचा बाप पोरीच्या बापाला देतो. त्यानं तिला खाऊ घातलं, ल्हानाची मोठी केली, त्याचा मान. देज नाय दिलं तर वाडी काय म्हनंल? बारक्यानं सून उचलून आनली. पानवठ्यावर कोन बी तिला म्हनंल, तू काय बाई, फुकटची. माज्या बायकोनं, चंद्रीनं, निघताना बजावलंय. ते लोक देज घेनार नसतील तर तू माघारी ये, मीच जाते भांडाय.

श्यामकांत : तिला बाप नाही हो. एक मावसा आहे, आणि त्यानंच तर...

बारकू : त्याचं नाव नका काढू. माज्या पोरानं, भीमानं, मला समदं सांगितलंय. त्या मावशाला देन्यापरीस पैका धरनात टाकीन. खाऊ कोनी घातलं? तुमी. मंग मानकरी तुमी. चौदा महिनं पोरगी हितं हाय. किती खर्च आला, तेवढं सांगा.

श्यामकांत : खर्च विचारू नका. मला पाठ आहे.

बारकू : बोला की मंग.

श्यामकांत : तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल मिळून महिना दोनशे दहा. त्यातले दीडशे अनुदानाचे, तेही आले तर. उल्हासनगरच्या डॉक्टरांचं औषध नऊ महिने. छातीचा फोटो दोनदा. मुंबईच्या कोर्टात साक्षीला अकरा फेऱ्या. सोबत अंजनीताई, सोबत एक पोलीसबाई, पोलीसबाईंचा चहा आणि वडा. दोन साड्या, एक स्वेटर, चपलांचे तीन जोड. तीन का, तर पहिले दोन तिनं फेकून मारले.

बारकू : कोनाला?

श्यामकांत : एक वकिलाला. दुसरा मला.

बारकू : हा हा हा! लागला?

श्यामकांत : कपाळाला. टिंक्चर आयोडीन, दोन रुपये. तेही तिच्याच खर्चात धरलंय.

बारकू : चंद्रीला सांगतो. ती लई खूश होईल. घरात कोनतरी तिच्या तोडीचं पायजे व्हतं. मंग बेरीज किती?

श्यामकांत : पाच हजार आठशे बारा.

बारकू : तेवढं देतो.

श्यामकांत : काय?

बारकू : एकदम नाय. हप्त्यानं. दर साल भात निघालं की.

श्यामकांत : एक पैसा नको! अहो, हा खर्च आहे, उधारी नाही. तिनं तो फेडावा अशी अट घातली, की त्या दलालात आणि माझ्यात फरक काय राहिला? माझं अक्षर बरं, एवढाच.

बारकू : बरं, पाच हजार ऱ्हाऊ द्या. एक हजार.

श्यामकांत : शून्य.

बारकू : सातशे. वर दोन मन भात.

श्यामकांत : काय कमाल आहे! उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात सिंधी दुकानदारांशी घासाघीस करत माझे केस पिकले. पण गिऱ्हाईक वर चढतंय आणि दुकानदार खाली उतरतोय, असला सौदा नव्हता पाहिला.

बारकू : मंग मधी या. पाचशे एक, दोन मन भात, एक कोंबडा. याच्याखाली मी नाय उतरनार.

राही : चहा घ्या. किती ठरले?

श्यामकांत : राही! तू कधीपासून उभी आहेस?

राही : कोंबड्यापासून. सांगा ना काका, किती ठरले? माझंच विचारतेय. मागच्या टायमाला अकराशे ठरले होते. पापडाच्या कारखान्यात काम आहे बोलून मावशाने उल्हासनगरला आणली, आणि दुसऱ्या दिवशी अकराशे. आता पाचशे एक? भाव पडला वाटतं.

बारकू : पोरी, आसं...

राही : नाही मामा, तुमच्यावर राग नाही. पण मला वाटलं होतं, इस बार कोई पैसा नहीं. भीमा पण तसंच बोलला होता.

बारकू : भीमाला काय कळतंय? त्याचं काय पैलं लगीन हाय... म्हंजी, पैलंच हाय, म्हनून तर कळत नाय. तू चा ठेव आन बस. किंमत नाय ही. किंमत करनारा मानूस भाव पाडतो का वाढवतो?

राही : पाडतो.

बारकू : आन मी तासभर काय करतोय? इचार तुज्या काकाला.

श्यामकांत : वाढवतायत. मी शून्यावर ठाम आहे.

राही : शून्य? काका, म्हणजे मी फुकट? त्या चपलेचा राग अजून गेला नाही वाटतं!

श्यामकांत : आता तू त्यांच्या बाजूची की माझ्या?

राही : मी माझ्या बाजूची. मामा, एक विचारू? सरळ उत्तर द्यायचं.

बारकू : इचार.

राही : तुम्ही देज दिलं. वाडीने बघितलं. मी तुमच्या घरची झाले. मग उद्या भीमाने हात उचलला तर? पैसे दिलेत, म्हणून मी गप बसायचं?

बारकू : भीमा? तुमी पोरी कारखान्यात धाडता त्यो पोळीभाजीचा डबा घासून परत पाठवनारा पोरगा? मोरिवलीच्या त्या अख्ख्या कारखान्यात दुसरा कोन डबा घासतो?

राही : कोणी नाही. त्या घासलेल्या डब्यावरच तर मी फसले. तरी पण विचारतेय.

बारकू : गप कशाला बसायचं? आमच्यात पोरगी उठते आन बापाच्या घरी येते. बाप पाच मानसांत देज परत करतो. झाली मोकळी. माजी बहीन तानी आशीच आली व्हती. माज्या बापानं बैल इकला, देज परत केलं, आन वर्साच्या आत तिला दुसरीकडं दिली. आता सहा नातवंडं हायत तिला.

श्यामकांत : थांबा. थांबा, थांबा. परत करतो?

बारकू : व्हय.

श्यामकांत : पूर्ण?

बारकू : पोरगी आपनहून आली तर समदं. नवऱ्यानं हाकलली तर एक दमडी नाय.

श्यामकांत : आणि व्याज?

बारकू : व्याज? रावसाहेब, मानसं हाव आमी.

श्यामकांत : म्हणजे मुद्दल तेवढं, बिनव्याजी, मागताक्षणी परत... अहो बारकूभाऊ, मग हे तासाभरापूर्वी बोलायला काय झालं होतं तुम्हाला! ही विक्री नाही. उत्पन्न नाही. देणगीसुद्धा नाही. ही अनामत आहे!

बारकू : आमी देज म्हनतो.

राही : काका, अनामत म्हणजे काय?

श्यामकांत : डिपॉझिट. ते घेणाऱ्याचं नसतंच मुळी, तो नुसता सांभाळतो. घेतलं की तो देणेकरी झाला. आणि पैसे आधीच त्याच्याजवळ का ठेवायचे? तू परत आलीस, तर 'आता कुठून आणू' असं त्याला म्हणता येऊ नये म्हणून.

राही : आणि ते वाढणार नाहीत?

श्यामकांत : कशाने वाढतील?

राही : तिथे वाढायचे. मला विकत घेतलेल्या त्या बाईला मी बोलले होते, अकराशे दिलेत ना तुम्ही? मी झाडूपोछा करते, भांडी घासते, फेडते, मग मला सोडा. ती बोलली, अकराशेचे कधीच चार हजार झाले. सहा महिन्यांनी विचारलं, तर नऊ. मग मी विचारायचंच सोडलं.

बारकू : चा पी, पोरी. गार व्हतोय.

राही : पिते. म्हणजे इथे पाचशे एकचे पाचशे एकच राहणार?

श्यामकांत : तुला पणतू झाले तरी.

राही : मग कमी का घेता? मामा, सातशे एक करा!

बारकू : आँ?

श्यामकांत : अगं, अगं! परत मला करायचेत ते!

राही : तुम्हाला? संस्थेला ना?

श्यामकांत : संस्थेला नको. संस्थेची कमिटी बदलते, खजिनदार बदलतो. वीस वर्षांनी कुणी नवा शहाणा येईल, म्हणेल ही कुठली जुनी रक्कम पडून आहे, आणि तिचा पंखा घेईल. माझ्या घरच्या वहीत घेतो. पोस्टात वेगळं खातं काढतो.

बारकू : म्हंजी बापाच्या जागी तुमी बसनार?

श्यामकांत : मी आपला हिशेबाचं बोलतोय.

बारकू : मी बी हिशेबाचंच बोलतोय. देज घेतो त्यो बाप. रविवारी पाटावर बसायचं, पाच मानसांत हात फुडं करायचा. आन पोरगी कवा बी आली, तरी दार उघडायचं. कबूल?

श्यामकांत : घरी विचारावं लागेल. हिला विचारल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा आणत नाही.

राही : काकूंना मी विचारलंय.

श्यामकांत : कधी?

राही : परवा. देजाचं नाही हो. नुसतं बोलले, मंडपात माझ्या बाजूला कोण उभं राहणार? तर काकू बोलल्या, माझी साडी इस्त्रीला गेली पण. तुमचा कोट पण गेलाय.

श्यामकांत : माझा कोट? मला न विचारता?

राही : विचारलं असतं तर तुम्ही व्हाउचर मागितलं असतं.

बारकू : हा हा हा! रावसाहेब, आता सुटका नाय तुमची. सातशे एक. माज्या सुनंनं तोंड उघडून मागितलंय, मी एक रुपया कमी देनार नाय. दोन मन भात, आन कोंबडा.

श्यामकांत : भात निवाऱ्याला देणगी म्हणून द्या. त्याची आत्ता पावती फाडतो, त्यात काही अडचण नाही. पण कोंबडा कुठे दाखवू? जिवंत वस्तूला आमच्याकडे रकानाच नाही.

राही : रविवारपर्यंत तो जिवंत राहील, असं कोण बोललं? खिडकीत बघा. बावीस जणी कान लावून उभ्या आहेत. मसाला कोण वाटणार, यावरून आत आताच भांडण लागलंय.

श्यामकांत : ए! हसायला काय झालं गं तुम्हाला? चला, पळा तिथून. मार्चअखेर आहे, मला कामं आहेत.

बारकू : लिवा, रावसाहेब. मला वाडीवर जाऊन चंद्रीला सांगायचंय. ती भांडायच्या तयारीनं बसली आसंल, तिचा हिरमोड व्हनार.

श्यामकांत : हं. लिहिलं. रात्री घरच्या वहीत उतरवीन. राही, तू वाच. तुला इथे अक्षर शिकवलंय ते कशाला?

राही : 'रा-ही-ची अनामत. रुपये सातशे एक फक्त. बिनव्याजी. राही म्हणेल त्या दिवशी बारकूभाऊंना परत.' ...राही म्हणेल त्या दिवशी? भीमा म्हणेल त्या दिवशी नाही?

श्यामकांत : भीमाचं या पानावर काही काम नाही.

राही : आणि मी म्हटलंच नाही तर? कधीच?

श्यामकांत : तर दर दिवाळीला घरी येऊन पासबुक तपासून जायचं. दुसऱ्याच्या हिशेबावर असा डोळे मिटून विश्वास टाकू नये.