हिरामणच्या यादीतलं चौथं पान

नाय नाय नूरभाय, ते घेऊ नका — ते मोठ्या कंपनीचं पान उघडलं की सगळं त्यांच्या मर्जीचं. तुम्हाला हवी दुबईची बातमी, ते वाढणार क्रिकेट. तुमच्या पोराने, हमझाने, तिथून कम्प्युटर पाठवला तो त्याच्यासाठी का? आणि बातम्या ई-मेलने मागवाल तर आपलं नाव-पत्ता द्यावा लागतो — ते तर नकोच. हा प्रोग्राम घ्या. इथे माझ्या कम्प्युटर क्लासात हाच हाय. पानांची यादी आपण द्यायची, हा फोन लावून इंटरनेटवर जातो, कुठे नवीन काय आलं तेवढंच आणतो, मग फोन सोडून निवांत वाचायचं. कोण वाचतंय ते त्यांना कळत नाय. माझी यादी? चारच पानं. हवामान, पेपर, बंदरं, आणि हे — हे असंच, जेवणाचं. वालात सुकट कशी घालायची, वगैरे.

मी कुठे सैपाक करतो? नाय करत. — मालूचं हाय ते. व्हय, माझीच मालू. शहाण्णवात तिने जातीबाहेर लग्न केलं, मी बोललो, रोह्यात पाय ठेवू नको. तीन वर्षं ठेवला नाय. ऐकणारी पोर, काय करणार. तिच्या मैत्रिणीने या पानाचा पत्ता दिला, मग मी पाच प्रोग्राम वापरून बघितले — एक तर दर वेळी माझं नाव विचारायचा. इंग्रजीत लिहिते ती, मी डिक्शनरी घेऊन बसतो. सुकट मात्र सुकटच लिहिलीय.

मंगळवारी नवीन आलं. जावयाची बदली नागोठण्याला झालीय. लिहिते, रविवारी दुपारच्या गाडीने रोह्याला येईन, फलाटावर बसेन, त्याच गाडीने परत जाईन. बाबा नको बोललेत, बाहेर जाणार नाय. — आता फलाट रोह्यात धरायचा का नाय, ते मी बोललो नव्हतो.

व्हय, आजच रविवार. असे काय बघताय? मी वाचतो हे तिला ठाऊक नाय. गेलो तर कळेल. मग ती मी वाचतोय हे धरून लिहील, जपून — तसलं वाचण्यात काय हाय? इथे बरं चाललंय. ती लिहिते, मी वाचतो. वालात खोबरं जास्त घालते, तेवढं सोडलं तर —

किती वाजले? मग गाडीने नागोठणं सोडलं असेल. उठा नूरभाय. राहिलेलं उद्या शिकवतो. नाय, तुम्ही सोबत नको. उठा, मला शटर ओढायचंय.