उरल्या पिठाची चानकी

सोजराबाई: थांब पोरी. तवा चढवला, पन पीठ कुठी मळलं अजून?

कौशल्या: नाही मळलं.

सोजराबाई: मंग उतरव तवा. दवाखान्यातली नर्सबाई काय म्हने? एका वक्ती एकच काम, अन् तोंडानं बोलत बोलत करायचं. बोल.

कौशल्या: पीठ घेतलं. मंधात खळगा केला. पानी... आत्याबाई, उजवा हात उघडत नाही.

सोजराबाई: डाव्यानं परात धर, उजव्याच्या मुठीनं दाब. गाडी उलटून तुह्या डोक्याले मार लागला, त्याले तीन महिने बी नाही झाले. बुलढान्याचा गोरा डाक्टर त म्हने, हे सून उठून बसनारच नाही तुमची.

कौशल्या: किती गोड बोलता आता. नवी आली तवा भाकर मोडली, त उलथनं उगारलं होतं तुम्ही.

सोजराबाई: तवा तुह्या उरावर सवत येत नव्हती. मळ.

कौशल्या: गाडी जुपली का त्याइनं?

सोजराबाई: जुपली. सोयरीक जुळवनारा किसनराव आंगनात बसला हाय. साखरखेर्ड्याची पोरगी पाहाले जाऊन राह्यले दोघं. मी निवृत्तीले म्हटलं, आज हिच्या हातची भाकर खाऊन पाह्य. कोनी न सांगता जमली, त बैल सोडजो. म्हनून आता मी नाही बोलत. हे पाह्य, भिताडाकडं तोंड करून बसली.

कौशल्या: बरं. मळलं. थापून राह्यली. आता तवा. पान्याचा थेंब टाकला, चर्र वाजलं. भाकर टाकली. वरून पानी फिरवलं. उलटली. आता चुलीतल्या इंगोयाले लावली... फुगली! आत्याबाई, फुगली!

सोजराबाई: खरंच वं माय! कर, बाकीच्या बी कर, मी हे पुन्हा भिताडाकडं वळली... झाल्या? निवृत्ती! ये बापू, पाट घेऊन बस!

निवृत्ती: आलो. तीन भाकरी? एकटीनं केल्या हिनं?

सोजराबाई: एकटीनं. मी त वळून बी नाही पाह्यलं.

निवृत्ती: अन् हे लहानी कोनाची?

सोजराबाई: कोनती? ते... ते माही. दात राह्यले का माहे आता?

कौशल्या: नाही. शेवंतीची चानकी हाय. उरल्या पिठाची. मीठ टाकून केली, तिले अळनी नाही चालत.

निवृत्ती: पाह्यलं माय? त्याच उलटल्या गाडीखाली गेली आपली पोरगी. किती डाव सांगतलं हिले? हिच्या भरवशावर घर कसं चालवू मी?

सोजराबाई: हळू बोल, बापू.

कौशल्या: मले ठाव हाय, शेवंती नाही ते. पीठ उरलं, अन् हात थापत गेला. रोज आत्याबाई थांब म्हनतात. आज कोनी म्हटलं नाही.

सोजराबाई: माह्यंच चुकलं. तोंड फिरवून बसली मी.

निवृत्ती: माय, किसनरावले सांग. आज नाही येत म्हनाव.

सोजराबाई: अन् उद्या?

निवृत्ती: उद्याचं उद्या. ते लहानी दे इकडं.

कौशल्या: गरम हाय. फुकून खा.

निवृत्ती: हो.

कौशल्या: कशी झाली?

निवृत्ती: मीठ बरोबर हाय.